धर्मादाय रुग्णालयातली राखीव खाट : कायद्यात आहे, काउंटरवर का नाही?

कडूनिंब (धागाकर्ता)

पैसेवाल्याला मिळणारे उपचार आणि गरिबाला मिळणारे उपचार यांतल्या दरीची चर्चा सुरू झाली की ती बहुतेक वेळा 'सरकारी दवाखाने सुधारायला हवेत' इथे येऊन थांबते. ते खरंच आहे, पण या धाग्यात एकाच दाराबद्दल बोलू या. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांचं दार. मोठ्या शहरांतली अनेक चकचकीत रुग्णालयं मुळात सार्वजनिक न्यास आहेत. कुणाला जमीन सवलतीत मिळाली, कुणाला वाढीव चटईक्षेत्र, कुणाला करमाफी. त्या बदल्यात काय द्यायचं हे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ कक मध्ये आहे. प्रत्यक्ष योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००४ च्या एका जनहित याचिकेत १७ ऑगस्ट २००६ च्या आदेशाने मंजूर केली. १ सप्टेंबर २००६ पासून ती लागू आहे.

योजना थोडक्यात अशी :

एकूण चालू खाटांपैकी १० टक्के निर्धन रुग्णांसाठी, पूर्ण मोफत. आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी, सवलतीच्या दरात. उत्पन्नाची मर्यादा अधूनमधून वाढत आली आहे. सध्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल.

खर्च भागवायला प्रत्येक रुग्णालयाने 'निर्धन रुग्ण निधी' नावाचं वेगळं खातं ठेवायचं. बोलताना सगळे त्याला आयपीएफ म्हणतात. बाकी सगळ्या रुग्णांच्या एकूण बिलाचे २ टक्के त्यात जमा व्हायचे आणि गरीब रुग्णाचा खर्च त्यातून वळता करायचा.

खाट, निवासी डॉक्टरांची सेवा, शुश्रूषा, रुग्णालय देत असेल तर जेवण, चादरी, पाणी, वीज, नेहमीच्या तपासण्या आणि साफसफाई या गोष्टींचं बिलच लावायचं नाही. उरलेल्या सेवांना त्या रुग्णालयातल्या सगळ्यात खालच्या वर्गाचा दर. औषधं, वापरून टाकायचं साहित्य आणि इम्प्लांट रुग्णालयाच्या खरेदी किमतीला. निर्धन रुग्णाच्या बाबतीत हे सगळं आयपीएफमधून वळतं होतं. दुर्बल घटकातल्या रुग्णाने औषधं, साहित्य आणि इम्प्लांट यांच्या बिलाचा किमान अर्धा भाग भरायचा असतो.

आता प्रश्न असा, की एवढं सगळं लिहिलेलं असताना काउंटरवर 'असं काही नसतं' किंवा 'खाटा भरल्यात' हे उत्तर का मिळतं? जाणकारांनी नेमकं लिहावं. 'सगळे चोर आहेत' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, त्याने कुणाचंच बिल कमी होत नाही.

---

रानजाई

चांगला धागा. पहिलाच अडसर : एखादं रुग्णालय धर्मादाय आहे की खासगी कंपनी, हे बाहेरून कळत नाही. नावात 'फाउंडेशन' किंवा 'ट्रस्ट' असलं म्हणजे आहेच असं नाही आणि नसलं म्हणजे नाहीच असंही नाही. ओळखायचं कसं?

---

शिसपेन्सिल

@रानजाई, तीन खुणा.

एक, फलक. धर्मादाय रुग्णालयाने नावाआधी 'धर्मादाय' लिहावं असे निर्देश आहेत. काही ठिकाणी तो शब्द इतक्या बारीक अक्षरात असतो की चष्मा पुसून बघावा लागतो, पण असतो.

दोन, बिल किंवा नोंदणीची पावती. सार्वजनिक न्यासाचा नोंदणी क्रमांक बहुधा इंग्रजी 'ई' अक्षराने सुरू होतो, त्यापुढे आकडा आणि जिल्ह्याचं नाव. पावतीच्या तळाशी बघा.

तीन, आणि सगळ्यात भरवशाची, धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावरची यादी. जिल्हा निवडला की रुग्णालयांची नावं दिसतात आणि राखीव खाटा किती, त्यातल्या रिकाम्या किती हेही दिसतं. तो आकडा रुग्णालयानेच भरलेला असतो, त्यामुळे शिळा असू शकतो. तरी त्या पानाचा तारीख-वेळ दिसेल असा फोटो काढून ठेवावा. 'खाटा भरल्यात' या उत्तरासमोर ठेवायला त्याहून चांगला कागद नाही.

---

समईवात

वैद्यकीय समाजसेवेच्या बाजूने लिहिते. योजना हातची निसटते ती बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन तासांतच, कारण क्रम चुकतो.

नेहमीचा क्रम असा असतो. रुग्ण येतो, नातेवाईक घाबरलेले असतात, काउंटर अनामत रक्कम मागतो, ते कुठूनतरी पन्नास हजार उभे करून भरतात आणि चौथ्या दिवशी कुणीतरी सांगतं की इथे गरिबांसाठी योजना आहे. तोवर रुग्णाची फाइल 'रोखीने भरणारा' या वर्गात उघडलेली असते. वर्ग बदलायला बिलिंग, समाजसेवक (रुग्णांना मदत करायला रुग्णालयानेच नेमलेले) आणि वैद्यकीय अधीक्षक अशा तीन सह्या लागतात आणि तिघांपैकी कुणालाच घाई नसते.

हवा तो क्रम असा :

१. काउंटरवर पहिलं वाक्य 'धर्मादाय योजनेखाली दाखल करायचं आहे, समाजसेवकांना भेटायचं आहे' हेच असावं. निर्धन आणि दुर्बल घटकातल्या रुग्णाकडून अनामत मागायची नाही, असं योजनेतच आहे.

२. तोंडी बोलून थांबू नका. साध्या कागदावर चार ओळींचा अर्ज लिहा : रुग्णाचं नाव, वय, नोंदणी क्रमांक, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न, 'कलम ४१ कक खालील योजनेत निर्धन/दुर्बल घटक म्हणून दाखल करावे', तारीख आणि वेळ. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. पोच दिली नाही तर तोच मजकूर रुग्णालयाच्या अधिकृत ईमेलवर पाठवा.

३. सोबत शिधापत्रिका आणि आधार. उत्पन्नाचा दाखला असेल तर उत्तम. नसेल तर 'दाखला दोन दिवसांत देतो' हे अर्जातच लिहून टाका.

४. रोज संध्याकाळी बिलिंगकडे 'आजपर्यंतचं बिल कोणत्या वर्गात चाललंय' एवढं विचारा. डिस्चार्जच्या दिवशी कळलं तर उशीर झालेला असतो.

रात्रीचा प्रश्न वेगळा. समाजसेवकांची खोली बहुधा सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, आणि जिन्याखाली किंवा मागच्या इमारतीत. विमा असलेल्याचा कॅशलेस डेस्क मात्र दर्शनी भागात, उशिरापर्यंत चालू. तिथे रुग्णाची फाइल हलवायला पगारी माणूस बसलेला असतो. गरिबाची फाइल नातेवाइकालाच हलवावी लागते, तीही मजुरी बुडवून. रात्री दाखल होत असाल तर ड्यूटीवरच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे अर्ज देऊन पोच घ्या आणि सकाळी दहाला समाजसेवकांच्या दारात उभे राहा.

---

रानजाई

@समईवात, आणि तातडीची अवस्था असेल तर? छातीत दुखतंय, अपघात झालाय, तेव्हा अर्ज कोण लिहीत बसणार?

---

समईवात

तेव्हा अर्ज नाहीच, आधी उपचार. योजनेत स्पष्ट आहे : तातडीच्या स्थितीत धर्मादाय रुग्णालयाने रुग्ण लगेच दाखल करून घ्यायचा, प्रकृती स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे आवश्यक उपचार द्यायचे आणि पुढे सार्वजनिक रुग्णालयात हलवायची वेळ आली तर वाहतुकीची सोय बघायची. धर्मादाय नसलेल्या खासगी डॉक्टरवरही तातडीच्या उपचाराचं बंधन आहेच. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितलं, की आधी जीव वाचवा, पोलीस आणि कागद नंतर.

फसगत होते ती 'स्थिर' या शब्दावर. सलाइन लावलं, रक्तदाब थोडा वर आला, की 'स्थिर आहे, घेऊन जा'. अशा वेळी कुठे पाठवताय, का पाठवताय, त्या ठिकाणी खाट असल्याचं फोनवर विचारलंय का आणि रुग्णवाहिकेत सोबत कोण, हे संदर्भ चिठ्ठीवर लिहून मागा. लिहायची वेळ आली की बऱ्याचदा 'थांबा, सरांना विचारतो' होतं.

---

तागडी

हिशोबाच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. ती न कळल्यामुळे लोक चुकीच्या माणसाशी भांडतात.

समजा १०० खाटांचं रुग्णालय आहे. १० निर्धन, १० दुर्बल, उरलेल्या ८० पैसे भरणाऱ्या. एका भरणाऱ्या खाटेचं वर्षाचं सरासरी बिल 'एक' धरा. म्हणजे ८० खाटांचं बिल ८०. त्याचे २ टक्के किती? १.६. निधीत वर्षाला फक्त दीड-पावणेदोन खाटांच्या बिलाइतका पैसा येतो आणि त्यातून भरायच्या आहेत १० मोफत खाटा आणि १० सवलतीच्या. खाटेचं भाडं वगैरे बिलातच येत नाही, औषधं खरेदी किमतीला धरली जातात, दर सगळ्यात खालचा, त्यामुळे खर्च अर्ध्यावर येतो असं मानलं तरी निधी तीन-सव्वातीन खाटांना पुरतो.

म्हणून 'आयपीएफ संपला' हे वाक्य दर वेळी खोटं नसतं. खाटा मोजल्या १० टक्क्यांनी आणि पैसा मोजला २ टक्क्यांनी. हा विसंवाद आराखड्यातच आहे.

पण दुसरी बाजूही ऐका. बिल फुगवून हा निधी संपवताही येतो. उदाहरण घ्या. सहा दिवसांची शस्त्रक्रियेची केस, नेहमीच्या दराने बिल असं :

खाट आणि शुश्रूषा : ३६,०००
औषधं आणि साहित्य, छापील किमतीने : ७२,०००
इम्प्लांट, छापील किमतीने : ६०,०००
शस्त्रक्रियागृह आणि इतर सेवा : ७२,०००
एकूण : २,४०,०००

योजनेप्रमाणे आयपीएफमधून काय वळतं व्हावं? खाट-शुश्रूषा शून्य. औषधं खरेदी किमतीने, समजा ४५,०००. इम्प्लांट ३८,०००. शस्त्रक्रियागृह खालच्या वर्गाच्या दराने ४०,०००. एकूण १,२३,०००.

आता बिलिंगने सरसकट २,४०,००० आयपीएफला लावले तर रुग्णाच्या खिशातून काहीच जात नाही, म्हणून तो खूश. पण त्याच पैशात दुसरा रुग्ण झाला असता, तो दारातून परत गेला. त्याला हे कधी कळणारही नाही. तक्रार कोण करणार?

---

तिरफळ

@तागडी, गणित बरोबर, पण रुग्णालयांची बाजूही मांडली पाहिजे. तीस खाटांचं तालुक्याच्या गावचं मिशनऱ्यांचं किंवा एखाद्या जुन्या न्यासाचं रुग्णालय आधीच इतकं स्वस्त असतं की तिथला प्रत्येक रुग्ण दुर्बल घटकातला. एकूण बिलच कमी, म्हणून २ टक्के म्हणजे चहापाण्याचे पैसे. उलट महानगरातल्या पंचतारांकित रुग्णालयात निधी मोठा, पण दारात गरीब माणूस येतच नाही, कारण त्या काचेच्या दारातून आत जायचीच त्याला धास्ती. एका रुग्णालयाचा निधी त्याच रुग्णालयापुरता. तिकडे शिल्लक, इकडे तूट.

शिवाय खर्च झाल्यावर 'तूट कोण भरणार' याचं सरळ उत्तर नाही. जमा-खर्चाचं असंतुलन राहिलं तर योजनेच्या देखरेख समितीसमोर (तिचे प्रमुख सहधर्मादाय आयुक्त) मांडून निर्देश घ्यायचे, एवढीच वाट आहे.

---

कडूनिंब

@तिरफळ, मान्य. पण योजनेची भाषा बघा. राखून ठेवायच्यात त्या खाटा. 'निधी असेल तोवर खाटा' असं कुठेही लिहिलेलं नाही. निधी संपला म्हणून राखीव खाट सर्वसाधारण वर्गाला देऊन टाकायची, हा अर्थ रुग्णालयांनी आपल्या सोयीने लावलेला आहे.

---

तिरफळ

भाषेपुरतं तुमचं बरोबर. व्यवहारात निधी तळाला गेला की रुग्णालय मोफत खाटेवर कमी खर्चाचे रुग्ण घेतं : मोतीबिंदू, हर्निया, साधी प्रसूती. टक्केवारी कागदावर पूर्ण होते. अतिदक्षता विभागातला जंतुसंसर्गाचा रुग्ण, ज्याचं रोजचं औषधच हजारोंचं, तो मात्र 'खाट नाही'. खरी दरी तिथे आहे. कोण दुरुस्त करणार हे मला माहीत नाही, पण निदान आकडे मागताना 'किती रुग्ण' एवढंच न विचारता 'कोणत्या विभागात किती रुग्ण-दिवस', म्हणजे सगळ्या रुग्णांचे मिळून खाटेवरचे दिवस किती, असं विचारावं.

---

अंगाई

+१. रुग्ण-दिवस हा शब्द सगळ्यांनी पाठ करावा.

---

बोरूटाक

कागदांबद्दल. इथेच सगळ्यात जास्त लोक गळतात.

योजनेत पुरावा म्हणून तहसीलदारांचा दाखला किंवा शिधापत्रिका/दारिद्र्यरेषेचं कार्ड चालतं. काउंटरवर त्या 'किंवा'चं 'आणि' होतं. मग उत्पन्नाच्या दाखल्याची धावपळ. दाखला सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून मिळतो, मुदत १५ दिवस. रुग्ण सहा दिवसांत घरी जातो. म्हणजे नियमाप्रमाणे चाललं तरी कागद उपचारानंतर येणार.

उपाय :

उत्पन्नाचा दाखला आजारपणाची वाट न पाहता आधीच काढून ठेवावा. एक वर्षाच्या दाखल्यावर बहुधा '३१ मार्चपर्यंत वैध' असतं. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये निम्म्या लोकांचे दाखले बाद झालेले असतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच नवा अर्ज टाकावा. लागतं काय : आधार, शिधापत्रिका, स्वयंघोषणापत्र आणि शेतीचं उत्पन्न असेल तर तलाठ्याचा अहवाल. शेतमजूर आणि रोजंदारीवाल्यांना पगारपत्रक मागितलं जातं, ते नसतंच. तिथे तलाठ्याचा अहवाल हाच आधार.

गाव एका जिल्ह्यात आणि काम दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर दाखला गावच्या तहसीलचा. त्यासाठी प्रवास नको, गावातल्या नातेवाइकाने तिथल्या केंद्रातून अर्ज केला तरी चालतं. दाखला ऑनलाइन येतो, छापून दाखवता येतो.

केशरी कार्ड बघून 'हे गरिबात बसत नाही' म्हणणारे भेटतात. निकष कार्डाचा रंग नाही, उत्पन्नाचा आकडा आहे. पण केशरी कार्डावर लिहिलेलं उत्पन्न फार जुनं असतं, हेही खरं. म्हणून केशरीवाल्यांनी दाखल्यावर भर द्यावा, पिवळ्यावाल्यांनी कार्डावर अडून राहावं.

---

दुसरीपाळी

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितोय. बरीच मंडळी या दोन्हींची गल्लत करतात.

धर्मादाय योजना = रुग्णालयाची जबाबदारी, रुग्णालयाचा निधी, आजाराची यादी नाही.
फुले योजना = सरकारचा पैसा, ठरलेल्या उपचारांची यादी, फक्त अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात.

फुले योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये नाव बदललं. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं कवच होतं, आता पाच लाख. पूर्वी पांढऱ्या कार्डावर मिळत नसे, आता सगळ्या रंगांच्या शिधापत्रिकांना लागू आहे. पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, शस्त्रक्रिया, रुग्णाचं जेवण, डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची पाठपुरावा सेवा आणि घरी जायचं एसटी किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं धरलेलं असतं. भाडं कुणी मागतच नाही.

काय अडतं :

पूर्वमंजुरी. दाखल झाल्यावर आरोग्यमित्र (रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस) नोंदणी करतो, डॉक्टर तपासण्यांचे अहवाल चढवतात, मग मंजुरी येते. एखादा अहवाल अपुरा असला तर शंका काढून प्रकरण परत येतं. परत आलेलं प्रकरण कुणी पुन्हा भरलं नाही तर ते तसंच पडून राहतं. आरोग्यमित्राकडून नोंदणी क्रमांक घ्या आणि 'शंका आलीय का' हे रोज विचारा. तातडीच्या केसमध्ये फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात.

नावातला फरक. शिधापत्रिकेवर 'सखूबाई', आधारवर 'सखुबाई किसन'. यंत्रणा दोन वेगळ्या बायका समजते. शिधापत्रिका ऑनलाइन असणं आणि तिचा १२ अंकी क्रमांक असणं महत्त्वाचं. जुनं हस्तलिखित कार्ड असेल तर पुरवठा विभागात जाऊन ते ऑनलाइन करून घ्या, आणि ते निरोगी असतानाच.

नवजात बाळ. कार्डावर नाव नसतंच. जन्माचा दाखला, आईवडिलांची शिधापत्रिका आणि आई किंवा वडिलांसोबत बाळाचा फोटो यावर काम होतं. 'आधी नाव चढवून आणा' म्हटलं तर हे सांगा.

यादीबाहेरचा आजार. नुसत्या तपासण्यांसाठी दाखल केलं किंवा निदानच झालेलं नाही, अशा वेळी पॅकेज बसत नाही. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, खासगीत मंजुरी मिळतच नाही. अशा वेळी त्याच रुग्णालयात धर्मादाय योजनेचा अर्ज करता येतो, अर्थात ते धर्मादाय असेल तर. हेल्पलाइन १५५३८८.

---

खडीसाखर

एक नेमका प्रश्न. रुग्ण पाच दिवसांपासून धर्मादाय रुग्णालयात आहे, नातेवाइकांनी एक लाख दहा हजार भरले आहेत, आणखी आठवडा राहावं लागणार आहे. उत्पन्न साधारण दोन लाख. आता अर्ज केला तर उपयोग आहे का?

---

समईवात

@खडीसाखर, आहे. दोन लाख म्हणजे ते दुर्बल घटकात बसतात, निर्धनमध्ये नाही. 'पूर्ण मोफत करा' असा अर्ज केला तर तो फेटाळायला निमित्त मिळतं. म्हणून 'दुर्बल घटक' असंच लिहा.

आजच अर्ज द्या. त्यात दाखल झाल्याची तारीख, आतापर्यंत भरलेली रक्कम पावती क्रमांकांसह आणि 'अंतिम बिल योजनेच्या दराने करून भरलेली रक्कम त्यात धरावी' असं वाक्य घाला. अंतिम बिल बंद व्हायच्या आत हे झालं पाहिजे, नंतर 'सिस्टिममध्ये बदल होत नाही' हे उत्तर ठरलेलं. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी बिलाचा तपशीलवार मसुदा मागा आणि तीन गोष्टी बघा. खाटेचं भाडं लावलंय का? औषधांचा दर छापील आहे की खरेदीचा? आणि 'सवलत' म्हणून एक गोल रक्कम वजा केलीय का?

ही गोल रक्कम म्हणजे गोम आहे. दोन लाख चाळीस हजारांच्या बिलावर 'ट्रस्टकडून १५,००० सवलत' दिली जाते, नातेवाईक हात जोडून निघतात. ती सवलत आणि योजनेचं बिल यात फार अंतर असतं. वरच्या @तागडी यांच्या उदाहरणातच बघा : दुर्बल रुग्णाला औषधं आणि इम्प्लांटचे मिळून ८३,००० चे निम्मे म्हणजे किमान ४१,५०० आणि बाकी सेवांचे सवलतीचे दर. पंधरा हजार वजा जाता सव्वादोन लाख कुठे आणि हे कुठे.

---

तागडी

भर घालतो : सवलत दिल्याची सही घेतात त्या कागदावर वर काय छापलंय ते वाचून सही करा. त्यावर 'आयपीएफ' असेल तर किती रक्कम आयपीएफला लावली तो आकडा भरलेला असला पाहिजे. कोऱ्या रकान्यावर सही नको.

---

शिसपेन्सिल

मुख्यमंत्री सहाय्यता निधीचंही थोडक्यात. रुग्ण दाखल असतानाच अर्ज करायचा, बिल भरून घरी गेल्यावर परतावा मिळत नाही. लागतं : अर्ज, डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक (खासगी रुग्णालय असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित), १ लाख ६० हजारांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला, आधार, शिधापत्रिका, तपासण्यांचे अहवाल, रुग्णाचा खाटेवरचा जिओ-टॅग (काढल्याच्या जागेची नोंद असलेला) फोटो, अपघात असेल तर पोलिसांचा कागद. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात. मोठ्या बिलात ही भरच असते, पूर्ण खर्च त्यातून निघेल असं धरू नका.

---

रानजाई

आणि साधं सरकारी रुग्णालय? १५ ऑगस्ट २०२३ पासून सगळं मोफत झालंय ना?

---

दुसरीपाळी

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांमध्ये झालंय : प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, जिल्हा रुग्णालय. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या विभागाची आणि महापालिकेची महापालिकेची, त्यांना तो निर्णय आपोआप लागू नाही. लोक महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपरचे पैसे मागितले म्हणून वाद घालतात, तो इथला.

मोफत असूनही खिसा रिकामा होतो तो 'बाहेरून आणा' या चिठ्ठीमुळे. औषध साठ्यात नसेल तर तसं केसपेपरवर लिहून मागा. साध्या चिटोऱ्यावर लिहिलेली औषधं तक्रारीत दाखवता येत नाहीत.

---

बोरूटाक

एक आकडा, कारण वर्तमानपत्रात तो नेहमी अर्धवट येतो. राष्ट्रीय आरोग्य लेखांनुसार देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून गेलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के. सुधारणा आहेच. पण हा एकूण खर्चातला वाटा आहे. ज्याने पैसे नाहीत म्हणून उपचारच घेतले नाहीत त्याचा खर्च शून्य, म्हणून तो या टक्केवारीत दिसतच नाही.

---

कडूनिंब

@बोरूटाक, हे मुद्दाम लक्षात आणून दिलंत ते बरं केलंत.

शेवटचा विषय तक्रारीचा. कुठे, कशी?

---

शिसपेन्सिल

रुग्ण खाटेवर असताना आणि घरी गेल्यावर, अशा दोन वेगळ्या तक्रारी असतात.

खाटेवर असताना : त्या विभागाच्या सहधर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात फोन आणि ईमेल. मोठ्या रुग्णालयांसाठी धर्मादाय निरीक्षक नेमलेले असतात, ते रुग्णालयाशी थेट बोलू शकतात. ईमेल दहा ओळींच्या वर नको. रुग्णालयाचं नाव, रुग्णाचं नाव आणि नोंदणी क्रमांक, दाखल होण्याची तारीख-वेळ, उत्पन्न, अर्ज कधी दिला, काय उत्तर मिळालं आणि कुणी दिलं (नाव नाही तर हुद्दा). जोडपत्रं तीन : पोच असलेला अर्ज, शिधापत्रिका, संकेतस्थळावरच्या रिकाम्या खाटांचा फोटो. 'माझ्यावर अन्याय झाला' या मथळ्यापेक्षा 'कलम ४१ कक : खाट नाकारली, रुग्ण सध्या अतिदक्षता विभागात' हा मथळा लवकर उघडला जातो.

घरी गेल्यावर : देखरेख समितीकडे तक्रार. समितीचे प्रमुख सहधर्मादाय आयुक्त असतात. दोष आढळला तर कलम ६६ खाली कारवाई आणि रुग्णालयाला मिळणाऱ्या सवलतींबद्दल शासनाकडे अहवाल, हे दोन्ही मार्ग आहेत. वेळ लागतो. पैसे परत मिळण्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग ही वेगळी वाट, पण पूर्ण मोफत उपचार मिळालेला रुग्ण तिथे 'ग्राहक' ठरतो का यावर वकील वाद घालतात, म्हणून पैसे भरल्याच्या पावत्या जपा.

बिल थकलं म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ च्या दुरुस्तीने रुग्णहक्कांची सनद आली आणि त्यात हे आहे. असं झालं तर आधी पोलीस, मग स्थानिक आरोग्य अधिकारी.

---

खडीसाखर

समईवातताई, अर्ज दिला, पोच मिळाली. समाजसेवक म्हणतात की औषधांचा खरेदी दर 'गोपनीय' आहे. यावर काय बोलायचं?

---

समईवात

दर मागूच नका. 'या रुग्णाला लावलेलं औषधांचं बिल योजनेनुसार खरेदी किमतीने आहे', एवढं एक वाक्य बिलिंग अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याने मागा. देत असतील तर दर बरोबर लावले जातील. देत नसतील तर तो नकारच उद्याच्या ईमेलमध्ये लिहा. आणि डिस्चार्जच्या दिवशीच वैद्यकीय नोंदींच्या प्रतीसाठी अर्ज टाका. मागणीपासून ७२ तासांच्या आत त्या द्याव्या लागतात. औषधं किती दिली हे शुश्रूषा नोंदीत असतं आणि बिलातला आकडा त्याच्याशी ताडून बघता येतो. अँटिबायोटिकच्या कुप्या, हातमोजे आणि सिरिंज या तीन ओळी आधी तपासा.